उपाशी मातीचं झाड

पूर्वेकडच्या खिडकीत सकाळचं ऊन उतरलं, की त्या लहानशा कुंडीकडे बघत राहावं. लांबट अरुंद पानं, पानांवर तांबूस केस आणि केसागणिक टोकाला एक लखलखता थेंब. गवतावरचं दव ऊन चढलं की विरून जातं; हे थेंब दुपारीही तितकेच भरलेले असतात. बोट टेकवलं तर एकतारी पाकासारखी तार ओढली जाते. हे ड्रोसेरा कॅपेन्सिस. मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातलं, तिथल्या ओल्या, निकस जमिनीत वाढणारं. याच्या जातभाईंना आपण मराठीत दवबिंदू म्हणतो.

एखादं चिलट त्या चमकेला भुलून पानावर उतरतं आणि अडकतं. ते जितकं धडपडतं, तितके त्याला आणखी थेंब चिकटतात. आजूबाजूचे केस त्याच्या दिशेने झुकू लागतात आणि मग सावकाश, काही तासांत, अख्खं पानच त्याच्याभोवती वळतं. पाचक रस पाझरतात. काही दिवसांनी पान उलगडतं, तेव्हा वर उरतं फक्त कोरडं कवच.

पाहुण्यांना हे क्रूर वाटतं. मला त्यात क्रौर्य दिसत नाही. दिसते ती गरज. या झाडाची पानंही हिरवी आहेत, आणि इतर झाडांप्रमाणे तेही आपली साखर उन्हातच शिजवतं. चिलटाकडून त्याला हवे असतात नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण त्याच्या वाट्याला आलेल्या मातीत ते जवळजवळ नाहीतच. मुळांना जे मिळालं नाही, ते मिळवण्याचं काम पानांनी अंगावर घेतलं. आणि हेच झाड फुलायची वेळ आली की पानांपासून दूर, उंच दांडा वर काढतं. त्यावर गुलाबी फुलं एकामागून एक उमलतात, जेवणाच्या पंगतीपासून चांगली लांब.

चार्ल्स डार्विनला 1860च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्सच्या माळावर याचं गोल पानांचं भावंड भेटलं आणि तो त्यात गुंतून गेला. कीटकभक्षी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक आलं 1875 मध्ये. मधल्या काळात त्याने त्या केसांना नाना वस्तू लावून पाहिल्या. माणसाच्या केसाचा 0.000822 मिलिग्रॅम वजनाचा कणही त्यांना हलवायला पुरला. पावसाचे थेंब मात्र वरून आदळले तरी ते जागचे हलत नाहीत. पावसाचा थेंब आणि अंगाला चिकटलेला कण यांतला फरक त्यांना कळतो. पुढे 1878 मध्ये डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने दाखवून दिलं, की ज्या रोपांच्या पानांवर मांसाचे बारीक कण ठेवले, त्यांना उपाशी ठेवलेल्या रोपांपेक्षा जास्त बी धरतं.

अशा झाडाची निगा राखायची म्हणजे हात आवरायला शिकायचं. बागेतली काळी माती नको, शेणखत नको, गांडूळखतही नको. त्यांतल्या क्षारांनी याची मुळं जळतात. पीट मॉस आणि परलाइट, एवढंच अंथरूण. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. आपल्याकडे चार महिने पागोळ्या गळतात. पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघालं, की बादल्या, पिंपं भरून झाकून ठेवावीत. पुढे डिस्टिल्ड पाणी. कुंडी बशीत ठेवावी आणि बशीत बोटाच्या पेराएवढं पाणी कायम असावं. ऊन भरपूर हवं. थेंब आटू लागले, तर उजेड, ओलावा किंवा दोन्ही कमी पडताहेत असं समजावं. एप्रिल-मेच्या भाजून काढणाऱ्या दुपारी मात्र पडदा ओढावा. हौसेने मांसाचे तुकडे भरवू नयेत. ते पानावरच सडतात. खिडकी उघडी ठेवली, की हे झाड आपलं पोट आपण भरतं.

आपण माया करतो ती बहुधा देऊन. आणखी पाणी, आणखी खत, आणखी एक घास. या झाडाने मला दुसरी माया शिकवली: समोरच्याची घडण ज्या उणिवेतून झाली, ती उणीव जपण्याची. त्याची माती श्रीमंत केली, तर ते जगत नाही.

उणिवेतून होणारी अशी घडण आपल्या दारातही दिसते. साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, जांभ्या खडकावर मातीचा नुसता पापुद्रा आहे. पावसाळ्यात तो चिंब होतो, पाण्याबरोबर त्यातला कस वाहून जातो. तिथे दवबिंदूच्या दोन जाती उगवतात: एक बारीक पानं पसरत उभी राहणारी, दुसरी लाल चकती होऊन जमिनीला चिकटून बसणारी. ज्यांच्या निळ्या-जांभळ्या गालिच्यात लोक हौसेने फोटो काढतात, ती सीतेची आसवंही कीटकभक्षीच. ओल्या मातीत लपलेल्या इवल्या पिशव्यांनी ती सूक्ष्म जीव टिपतात. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात कासही आहे. पण असे कितीतरी सडे आजही आपल्या बोलण्यात ‘पडीक’ म्हणूनच येतात. त्यांचं हे निकसपणच त्यांचं धन आहे, हे आपल्या हिशेबात बसत नाही.

म्हणून दोन गोष्टी मागते. हे झाड घरी आणायचं असेल, तर रोपवाटिकेत बियांपासून किंवा पानाच्या तुकड्यापासून वाढवलेलं आणा. केपचं दवबिंदू असं सहज वाढतं. आणि सड्यावर गेलात, तर दगडावर पाय ठेवून चाला, वाकून बघा, पण एकही रोप उपटू नका. त्या जमिनीला सुपीक करण्याची योजना कुणी गावात मांडलीच, तर उभं राहून नाही म्हणा.