पाठीवर पिशवी, पुढे बऱ्हाणपूर

मुलांनो, खानदेशची जुनी राजधानी कोणती, असा प्रश्न मी दरवर्षी चौथीच्या वर्गात विचारते. कुणी जळगाव म्हणतं, कुणी धुळे. एखादा हळूच "भुसावळ" म्हणतो, कारण सगळ्या गाड्या तिथेच थांबतात! खरं उत्तर आपल्या रावेरपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. चोरवडचा नाका ओलांडला, महाराष्ट्र संपला, मध्य प्रदेश लागला, की थोड्याच वेळात येतं ते बऱ्हाणपूर.

गंमत अशी, की आपल्याकडची माणसं तिथे सारखी जातात. लग्नाचा बस्ता बांधायला जातात, पाहुण्यांकडे जातात, बाजार करतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतात. शहर पाहून आलेला मात्र विरळाच. परगावचे लोक आग्र्याला ताजमहाल बघायला जातात, आणि आपण तर मुमताजमहल जिथे वारली त्या गावात साड्या घेऊन परततो!

जगात असं हिंडणाऱ्यांची एक वेगळी जात आहे. पाठीवर एक मोठी पिशवी, पायात मजबूत बूट, खिशात बेताचेच पैसे. मिळेल ते खायचं, स्वस्तात राहायचं आणि पायी फिरायचं. त्यांना बॅकपॅकर म्हणतात. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला देशात अँटिग्वा नावाचं एक जुनं गाव आहे. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं, दगडी रस्त्यांचं, ज्वालामुखीच्या पायथ्याचं. तिथे एके काळी राजधानी होती. १७७३ साली मोठा भूकंप झाला, चर्च आणि वाडे कोसळले आणि सरकारने राजधानीच दुसरीकडे हलवली. गाव मागे राहिलं. आता त्या पडक्या कमानी बघायला जगभरचे पिशवीवाले तिथे गर्दी करतात. बऱ्हाणपूरचंही थोडं असंच झालं. भूकंप नाही झाला, पण दख्खनचा कारभार पुढे औरंगाबादला गेला आणि हे शहर आपल्या वाड्या-मशिदींसह मागे राहिलं. पिशवीवाले मात्र इथे अजून फारसे येत नाहीत. म्हणून म्हणते, आपणच जाऊ या. सोबत आई-बाबा किंवा मोठी ताई-दादा हवेत बरं का!

रावेरहून रेल्वेनेही जाता येतं, एस.टी.नेही. मी रेल्वे निवडीन, कारण बऱ्हाणपूरचं स्टेशन शहरापासून थोडं दूर, लालबागेच्या बाजूला आहे, आणि पहिली बघायची गोष्टही त्याच बाजूला आहे. पुष्कळ लोक आधी किल्ल्याकडे धावतात. तुम्ही तसं करू नका. बऱ्हाणपूर समजायचं तर आधी त्याचं पाणी बघायचं.

रिक्षावाल्या दादांना सांगा, "कुंडी भंडारा". काही जण त्याला 'खूनी भंडारा' म्हणतात. नावाला घाबरू नका, रक्ताबिक्ताचा काही संबंध नाही. पाण्याला लालसर झाक असायची म्हणून तसं नाव पडलं, असं सांगतात. तिथे पोचल्यावर सुरुवातीला निराशाच होते. मोकळ्या माळावर एका ओळीत विहिरींचे गोल कठडे दिसतात, बस्स! पण कठड्यातून खाली डोकावा. (कठड्यावर चढायचं नाही, हात धरून उभं राहायचं.) खोल अंधारात पाणी चमकतं आणि ते वाहतं आहे! विहिरीत पाणी साठलेलं असतं, वाहतं कसं?

तर त्याची युक्ती अशी. सातपुड्यावर पाऊस पडतो. ते पाणी डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरतं आणि आतल्या आत उताराने तापीकडे सरकू लागतं. मोगलांचा सुभेदार अब्दुल रहीम खानखाना याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, एका इराणी जाणकाराने हे सरकणारं पाणी वाटेतच गाठलं. त्याचं नाव तबकुतुल अर्ज असं सांगतात. त्याने ओळीने विहिरी खणल्या आणि तळाशी त्या एकमेकींना भुयाराने जोडल्या. भुयाराला अगदी बेताचा उतार दिला. झालं! ना मोट, ना रहाट, ना पंप. पाणी आपल्या पायांनी चालत शहरात आलं. या विहिरींना इथे कुंड्या म्हणतात आणि एका ओळीत त्या शंभराच्या वर आहेत. भुयारात उतरून साफसफाई करता यावी आणि आत हवा खेळावी, हे त्यांचं काम.

हा रहीम कोण, ते हिंदीच्या सरांना विचारा. ज्याचे दोहे मोठ्या वर्गांत पाठ करावे लागतात, तोच हा. कविता करणारा सुभेदार शहराच्या पिण्याच्या पाण्याची सोयही करतो, हे मला फार आवडतं.

इराणात अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात. आपल्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की पाहिली असेल, तर तिथलं पाणीही अशाच भुयारी नहरीतून आलेलं. बऱ्हाणपुरात असे आठ भंडारे बांधले होते. त्यातले काही बुजले, काही अजून पाणी देतात. कुंडी भंडाऱ्यात खाली उतरायला एका ठिकाणी लिफ्ट बसवली आहे. ती चालू असली तर सुमारे ऐंशी फूट खाली जाऊन त्या बोगद्यात गुडघाभर थंड पाण्यात उभं राहता येतं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात. पाण्यात विरघळलेला चुना वर्षानुवर्षं साचत गेला की वाट अरुंद होते, ही इथली मोठी अडचण आहे. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचं नाव आलं.

आता हे तुमच्या-माझ्या घरचं का आहे, ते सांगते. रावेर, यावल, चोपडा हा आपला सगळा पट्टा त्याच सातपुड्याच्या पायथ्याला आहे. इथे जमिनीखाली डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा जाड थर आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला 'बझाडा' म्हणतात. हा थर पावसाचं पाणी भराभर पिऊन घेतो. आपल्या केळीच्या बागा याच पाण्यावर उभ्या राहिल्या. पण आपण जेवढं वर उपसलं, तेवढं खाली मुरलं नाही. आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी विहिरीला पाणी किती हातांवर होतं. मग बाबांना विचारा, परवाचं बोअर किती फूट खोल गेलं. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. तापीच्या पुराचं पाणी या थरात मुरवण्याची एक मोठी योजना आहे. तिच्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी मे २०२५ मध्ये करार केला. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इराणी माणसाने जे पाणी शोधलं, त्याच डोंगराच्या पाण्याची ही गोष्ट आहे.

पाणी बघून झालं, आता शहरात चला. शहर सुमारे सहाशे वर्षांपूर्वी फारुकी घराण्याच्या नासिरखानाने वसवलं आणि सूफी संत बुऱ्हानुद्दीन यांचं नाव त्याला दिलं. फारुकी हे खानदेशचे स्वतंत्र राजे. १६०१ साली अकबराने आसीरगड घेतला आणि त्यांचं राज्य संपलं. अकबराने आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून खानदेशचं 'दानदेश' केलं होतं. ते नाव काही टिकलं नाही, हे एक बरं झालं!

गावाच्या मध्यभागी काळ्या दगडाची जामा मशीद आहे. नमाजाची वेळ सोडून जा. चपला बाहेर काढा आणि आत हळू बोला. इथे एक अशी गोष्ट आहे, की ती पाहून मोठी माणसंही थबकतात. आतल्या भिंतीवर अरबी लेख आहे, आणि त्याच मशिदीत संस्कृत लेखही आहे. तोही देवनागरीत! म्हणजे तुम्हाला त्यातली अक्षरं लावता येतील. त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली आहे आणि आपल्या पंचांगात असतो तसा महिना, तिथी, वार, नक्षत्र दिलं आहे. विक्रम संवत १६४६, शके १५११. मशीद बांधणारा आदिलशाह फारुकी याला लोक राजा अलीखान म्हणत. आपल्या प्रजेला वाचता यावं म्हणून त्याने हे कोरून घेतलं असावं, असं मला वाटतं. कुणी पटकन "तिकडचे" आणि "इकडचे" अशी वाटणी करू लागला, की त्याला या भिंतीसमोर उभं करावं.

शाही किल्ला तापीच्या काठावर आहे. बराचसा पडला आहे, पण हमामखाना, म्हणजे स्नानगृह, बघाच. मान वर करून छताकडे पाहा. रंगीत वेलबुट्टी अजून दिसते. खाली हौद आहे. दुःख एवढंच, की खालच्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावंही दिसतात. अमका, तमका, मध्ये बदामाची खूण! चित्र काढणाऱ्याने आपलं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर इथे मुक्कामाला होता. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथेच वारली. नदीपलीकडे जैनाबादेत आहुखाना नावाची शाही बाग होती. तिथे तिला तात्पुरतं पुरलं आणि डिसेंबरात देह आग्र्याला नेला. आहुखान्याची आज रयाच गेली आहे. गवत वाढलेलं असतं, बघायला फारसं काही नाही. वेळ कमी असला तर किल्ल्यावरूनच पलीकडचा काठ बघा. त्यापेक्षा उतावळी नदीकाठचा 'काळा ताजमहाल' गाठा. ही रहीमच्याच मुलाची, शाहनवाजखानाची कबर. आग्र्याच्या ताजमहालाआधीची, छोटी, साधी आणि शांत.

आता तापीच्या राजघाटावर थोडं बसा आणि डबा उघडा. या शहरात परदेशी प्रवासी फार जुन्या काळापासून येतात. सुरतेच्या बंदरात उतरायचं, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरला यायचं आणि पुढे आग्र्याला जायचं, असा त्यांचा रस्ता होता. तो आपल्याच अंगणातून जाई! विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० साली आला. त्याने नदीतल्या एका दगडी हत्तीची गोष्ट लिहून ठेवली आहे. हत्ती इतका हुबेहूब, की पाणी प्यायला आलेला खरा हत्ती त्याच्यावर चवताळून धावला आणि स्वतःचे दोन्ही सुळे मोडून बसला! दगडी हत्ती कुठे, असं घाटावर कुणालाही विचारा. नदीला पूर असेल तर मात्र काठावरूनच नमस्कार.

१६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो इथे आला आणि जहांगीरचा मुलगा परवेझ याला भेटला. त्याने काय लिहिलं? शहजाद्याचा, खानखानाचा आणि आणखी थोड्यांचा वाडा सोडला तर गावात सगळी मातीची घरं! पुढे टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या आला. त्याने इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं म्हणून लिहिलं. कापडाचा तो धागा तुटलेला नाही. मोहल्ल्यांतून चाला, घराघरांतून यंत्रमागाचा खटक-खटक आवाज येतो. बोलणं मात्र एकमेकांच्या कानाशी जाऊनच करावं लागतं!

तुमच्या इतिहासाच्या पुस्तकातली माणसंही इथे भेटतात. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरला लागून असलेल्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला होता. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ साली इथेच वारला. त्याची छत्री शहराबाहेर तापीकाठी आहे. वेळ उरला तरच तिकडे जा.

खायचं काय? मावा जिलबी. आपल्या जिलबीसारखी पिवळी नाही, खव्याची, चांगली जाड आणि काळपट. एक खाल्ली की दुसरी मागवण्याआधी विचार करावा लागतो. घरी न्यायला दराबा घ्या. रवा, तूप आणि साखर फेटून फेटून केलेला असतो, तोंडात टाकताच विरघळतो. आणि मांडे! हातावर फिरवून फिरवून एवढे मोठे करतात, की बघतच राहावं. भाषेची काळजी नको. हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती सगळं चालतं, आणि पुष्कळ दुकानदार तुमचं "कितीले दिलं?" ऐकून हसून त्याच बोलीत उत्तर देतील.

गणपती झाल्यापासून होळीपर्यंत कधीही जा, मे महिन्यात मात्र नको. टोपी आणि पाण्याची बाटली न्या, आणि जेवणाच्या डब्यासोबत वही-पेन्सिलही ठेवा. दूर उत्तरेला दिसणारा आसीरगड त्याच दिवसात उरकू नका. तो बऱ्हाणपूरपासून वीस किलोमीटरवर आहे, त्याला दख्खनची किल्ली म्हणत, आणि १८१९ साली इंग्रजांनाही तो वेढा घालूनच घ्यावा लागला. त्याच्यासाठी सकाळची पहिली गाडी आणि अख्खा दिवस हवा. तिथल्या मशिदीतही एक संस्कृत लेख आहे. बऱ्हाणपूरचा वहीत उतरवून नेला असेल, तर दोन्ही ताडून बघता येतील.