येळ्ळूरच्या माळावरचे काटे

बेळगावहून येळ्ळूरमार्गे राजहंसगडाला जाणारी मंडळी सहसा वाटेत थांबत नाहीत. वर सिद्धेश्वराचे दर्शन घ्यायचे, २०२३ साली गडावर उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा पुतळा पाहायचा, तटावरून वारा खायचा आणि परत फिरायचे. मी गेली काही वर्षे गडाच्या अलीकडेच उतरते. तिथे रस्त्याला लागून एक माळ आहे. उताऱ्यावर 'पडीक' आणि लोकांच्या तोंडी 'नुसते काटे'. त्या काट्यांचेच फोटो काढायला मी जाते, हे शेजारणींना अजून पटलेले नाही.

आपले बेळगाव दोन पावसांच्या मधले गाव. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे गेले की झाडांवर शेवाळ, पूर्वेला सौंदत्ती-रामदुर्गकडे गेले की कोरडा माळ आणि बाभळी. येळ्ळूरच्या उतारावर या दोन्हींची सरमिसळ आहे. करवंदीच्या जाळीशेजारीच बोर, खाली भुईरिंगणी, पायवाटेवर सराटा, आणि जिथे माती उकरली गेली आहे तिथे पिवळा धोतरा.

सामान फार लागत नाही. माझ्याकडे पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स आहे. ती उलटी करून एका स्वस्त रिंगने कॅमेऱ्यावर बसवली की मुंगीच्या डोक्यावरचे केससुद्धा दिसतात. आता खिशातला मोबाईलही बोटभर अंतरावरून बरे फोटो देतो. अडचण असते ती वेगळीच. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. लेन्स फिरवून उपयोग नाही, आपणच श्वास रोखून केसभर पुढेमागे व्हायचे. वारा सुटला की सगळे संपले, म्हणून सकाळी आठच्या आत काम उरकायचे. ऊन तापले तर पांढरी छत्री उघडून झाडावर धरायची. आणि बहुतेक वेळा जमिनीवर पालथे पडायचे.

अशीच एकदा पडले होते तेव्हा मागून आवाज आला, "काय पडलंय काय हो अक्का? चेन काय?" मेंढरे घेऊन निघालेला धनगर होता. मी भुईरिंगणी दाखवली. "हे? हे मेंढरंबी तोंडात घेत नाहीत." मग त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले आणि थोडा वेळ बोललाच नाही. "जांभळं एवढं चांगलं असतंय व्हय?"

असतेच तसे. भुईरिंगणी वांग्याच्या कुळातली. जमिनीला चिकटून पसरते. पानाच्या शिरांवर वर आणि खाली दोन्हीकडे पिवळे, सरळ काटे. मधोमध जांभळे फूल आणि त्यात पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. जवळून पाहिले तर त्या प्रत्येक पिवळ्या नळीच्या टोकाला बारीक भोक दिसते. पराग आत कोंडलेले असतात. काही रानमाश्या फुलाला धरून अंग थरथरवतात, तेव्हा ते त्या भोकातून उडतात. हा घूं असा आवाज फूटभरावरून कानाला ऐकू येतो. त्याच धनगराने मग सराटा दाखवला. "ह्याला आम्ही नेग्गिन मुळ्ळु म्हणतो, तुम्ही सराटा म्हणा नाही तर गोखरू म्हणा, पायात गेला की एकच."

फोटो काढू लागल्यावर मला कळले की काटा ही एकच गोष्ट नाही. करवंदीचा काटा म्हणजे फांदीच, टोकाला बऱ्याचदा दुभंगलेली. बोरीचा आणि बाभळीचा काटा पानाच्या बुडाशी असलेल्या उपपर्णांचा. बाभळीचे दोन्ही सरळ, पांढरट. बोरीचा एक सरळ तर दुसरा वाकडा, म्हणून हात घालताना नव्हे, काढताना ओरखडतो. घाणेरीचा काटा नुसता सालीचा. सराट्यात तर फळालाच काटे. अंगरक्षणाची इतकी वेगवेगळी घरे आणि आपण सगळ्यांना एकाच नावाने हिणवतो.

बोरीसमोर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. हिवाळ्याच्या सुरुवातीला तिच्या पानांवर पियरो फुलपाखराच्या चपट्या हिरव्या अळ्या सापडतात. त्यांच्यामागे मुंग्या असतात. अळीच्या अंगातून झिरपणारा गोड थेंब मुंग्या पितात, आणि मुंग्यांच्या वावरामुळे अळीचे शत्रू लांब राहतात. जवळच्याच एका बाभळीच्या काट्यावर एकदा नाकतोडा खोचलेला दिसला. हे खाटीक पक्ष्याचे कोठार. शेळ्यांचे तोंड पोचत नाही अशा बोरीच्या जाळीत कडुलिंबाची आणि साताठ प्रकारच्या गवतांची रोपे उभी असतात. उघड्या माळावर ती टिकत नाहीत.

माझ्या संग्रहात निवडुंगाची उणीव होती, म्हणून गेल्या मार्गशीर्षात यल्लम्माच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर सौंदत्तीला गेले. डोंगराच्या बाजूला फड्या निवडुंग मिळाला आणि त्यावर कापसासारखे पांढरे ठिपके. बोटाने एक चिरडला तर बोट कुंकवासारखे लाल झाले. हा कोचिनीलच्या जातीचा किडा. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रंगाच्या व्यापारासाठी तो बंगालमार्गे आणला, पण जात हलकी निघाली. पुढे निवडुंगानेच रान व्यापले, तेव्हा त्याला मारायला १९२६ साली त्याचा दुसरा भाऊबंद मुद्दाम आणला गेला. जुन्या माणसांच्या आठवणीतली निवडुंगाची दाट कुंपणे विरळ झाली, त्यात या किड्याचा मोठा वाटा आहे.

सगळेच काटे जपावेत असे मी म्हणणार नाही. घाणेरी परकी आहे, खाली काही वाढू देत नाही. ती उपटली तर मला दुःख नाही. पिवळा धोतराही मेक्सिकोकडचा. फूल चुरगाळलेल्या रेशमासारखे सुरेख, पण १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि साठांहून अधिक माणसे गेली. बोर, बाभूळ, करवंद, भुईरिंगणी यांना मात्र त्या पंगतीत बसवू नये.

येळ्ळूरच्या माळावर आता पांढऱ्या दगडांच्या रांगा आल्या आहेत. चुन्याने नंबर टाकलेत. गेल्या महिन्यात जेसीबीने वरची निम्मी पट्टी साफ केली. माझी अळ्यांची बोर अठ्ठावीस नंबरच्या दगडाला लागून आहे. पाहायची असेल तर संक्रांतीच्या आत जा, जाड तळव्यांचे बूट घाला आणि फोटोत आड येते म्हणून फांदी मोडू नका.