केशमाहात्म्य

मनुष्याच्या देहावर ज्या ज्या म्हणून वस्तु आहेत, त्यांत केसांची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. बोट कापलें तर रक्त येतें, दांत उपटला तर कळ मस्तकांत जाते. केस मात्र कापले तरी दुखत नाहींत. ह्या एका गुणामुळेंच त्या बिचाऱ्यांवर सर्वांची सत्ता चालते. आपल्या नाकाचा आकार बदलावा असें आपणांस कोणी सांगत नाहीं. परंतु केस किती ठेवावे, कोठें ठेवावे आणि कोठून काढावे ह्याबद्दल आईबाप, जात, शाळा, सरकार आणि शेजारी ह्या सर्वांस मत असतें, व तें मत अंमलांत आणण्याची त्यांची तयारीहि असते. न दुखणारी वस्तु ही सार्वजनिक मालमत्ता होय, असाच जणूं काय सर्वांचा समज झालेला दिसतो.

हा विचार मनांत येण्याचें कारण अगदीं साधें आहे. गेलीं तीस वर्षें आम्ही कॉलेजांत शिकवीत आहों, आणि ह्या अवधींत प्राध्यापकांच्या खोलींत मुलांच्या केसांविषयीं जेवढी चर्चा झालेली आम्हीं ऐकली, तेवढी मुलांच्या वाचनाविषयीं झालेली ऐकल्याचें स्मरत नाहीं. विषय ठरलेला: अमुक नटानें अमुक चित्रपटांत केस वाढविले, आणि पुढल्याच सोमवारीं शेवटल्या बांकांवर तोच नट सात ठिकाणीं बसलेला आढळला. त्यावर एक उसासा, चहाचा एक घोट, आणि 'आमच्या वेळीं असें नव्हतें' हें भरतवाक्य.

आमच्या वेळीं खरोखरच असें नव्हतें काय? १९५० नंतरच्या दशकांत देव आनंद ह्यांचा कपाळावरचा फुगा घरोघरच्या आरशांपुढें उगवत होता. आमच्या वडिलांच्या लग्नांतील छायाचित्रांत मुंडावळ्यांच्या वर तो अगदीं स्पष्ट दिसतो. १९७० नंतर अमिताभ बच्चन ह्यांचे कान झांकणारे केस आले, आणि आमच्या पिढीच्या शाळकरी मुलांचे कान कित्येक वर्षें दिसेनासे झाले. आम्ही कॉलेजांत असतांना, १९९१ सालीं, 'सडक' आणि 'साजन' हे दोन चित्रपट एकाच वर्षांत लागले, आणि संजय दत्त ह्यांच्या मानेवर रुळणाऱ्या केसांनीं आमच्या वसतिगृहांतील खोबरेल तेलाचा खप निम्म्यावर आणला. कारण तेच केस तेलानें चापून बसविल्यास नट नाहींसा होऊन त्याच्या जागीं पुजारी दिसूं लागे. आमची स्वतःची मानहि तेव्हां झांकलेली होती. आज त्याचा पुरावा आमच्या डोक्यावर उरलेला नाहीं, एवढेंच.

ह्याहूनहि मागें गेल्यास गंमत वाढते. कानांवरून नीट कापलेला जो 'क्रॉप' आज शिस्तीचें लक्षण समजला जातो, तोच आमच्या पणज्यांच्या काळीं भ्रष्टतेची खूण होता. डोकें तासून, घेरा राखून, शेंडीस गांठ मारून जो बाहेर पडे तो सभ्य गृहस्थ. शेंडी उतरवून सबंध डोक्यावर साहेबासारखे केस वाढविणारा इंग्रजी शिकलेला मुलगा म्हणजे कुळाला बट्टा. 'शेंडी तुटो कीं पारंबी तुटो' असा निर्धार बोलून दाखविणाऱ्या समाजांत ती खरोखरच तुटली, तेव्हां किती घरांतून त्या दिवशीं चूल पेटली नसेल! ज्या केसांबद्दल आजोबांनीं बापावर डोळे वटारले, त्याच केसांचा दाखला देऊन बापानें मुलावर डोळे वटारावे, असा हा वंशपरंपरेचा व्यवहार आहे. आणि मुलें केवळ आंधळेपणानें नटाच्या मागें जातात असें म्हणावें, तर २०१५ सालीं 'बाजीराव मस्तानी'साठीं रणवीर सिंग ह्यांनीं डोकें तासून शेंडी राखली. आमच्या वर्गांत मात्र एकाहि शेंडीचें दर्शन झालें नाहीं. अनुकरणालाहि आवडनिवड असते.

परंतु ह्या गोष्टीची एक बाजू मुळींच हंसण्यासारखी नाहीं. दुसऱ्याच्या डोक्यावर समाजानें हक्क सांगितला म्हणजे तो किती निर्दय होऊं शकतो, हें महाराष्ट्रानें आपल्या माजघरांतच पाहिलें आहे. ज्यांना नवरा म्हणजे काय हें अजून कळलेंहि नव्हतें, अशा पोरींपुढें वैधव्याच्या नांवाखालीं वस्तरा आणून बसविण्यांत आला. आगरकरांनीं 'सुधारकां'त ह्या चालीवर आग पाखडली. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' ह्या कादंबरीनें ती यातना घरोघर पोंचविली. परंतु आम्हांस ह्या ग्रंथकारांपेक्षांहि अधिक आदर वाटतो तो मुंबईच्या नाभिकांविषयीं. सत्यशोधक पुढाऱ्यांच्या प्रेरणेनें १८९० सालीं त्यांनीं सभा भरवून विधवांचें वपन न करण्याचा निश्चय केला. वस्तरा ज्यांच्या हातांत होता आणि पोट ज्यांचें त्यावर चालत होतें, त्यांनींच तो खालीं ठेवला. हें शहाणपण पुष्कळ शास्त्री-पदवीधरांना त्यानंतर कितीतरी वर्षांनीं सुचलें.

विधवेचें वपन आणि मुलाचीं झुलपें एका तराजूंत घालण्याइतके आम्ही अविचारी नाहीं. ती यातना होती, ही हौस आहे. परंतु दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे: हें डोकें कोणाचें? सरकारेंहि ह्या प्रश्नाचें उत्तर परस्पर देऊन मोकळीं होतात. सिंगापुरांत १९७० नंतरच्या दशकांत सरकारी कचेऱ्यांतून फलक लागले होते कीं, लांब केसांच्या पुरुषांचें काम सर्वांच्या शेवटीं होईल. आणि लांब म्हणजे किती, हेंहि त्यांत भिंवया, कान आणि कॉलर ह्यांच्या मापानें सांगितलेलें होतें. एवढ्या मापाचा काटेकोरपणा आम्हीं शिंप्याच्या दुकानाखेरीज अन्यत्र पाहिलेला नाहीं.

तसाच एक फलक एकदां आमच्याहि कॉलेजांत लागला. २००३ च्या ऑगस्ट महिन्यांत 'तेरे नाम' हा चित्रपट आला. मधोमध भांग, दोहों बाजूंनीं डोळ्यांवर उतरणाऱ्या लांब बटा, मागें मानेपर्यंत केस, अशी सलमान खान ह्यांची त्यांतील मूर्ति. आमचें कॉलेज तालुक्याच्या गांवीं. दिवाळी येईपर्यंत एस्. टी. स्टँडासमोरच्या केशकर्तनालयांत आरशाच्या दोहों अंगांस तेंच चित्र लागलें, आणि वर्गांत शिकवितांना आम्हांस समोर चेहरे कमी आणि पडदे अधिक दिसूं लागले. तेव्हां प्रिन्सिपॉलसाहेबांनीं नोटीस लाविली: ज्यांचे केस शर्टाच्या कॉलरेखालीं जातील त्यांचे परीक्षेचे अर्ज घेतले जाणार नाहींत.

बहुतेकांनीं मुकाट्यानें केस कापले. एकानें कापले नाहींत. तो दुसऱ्या वर्षाच्या वर्गांतला, दूरच्या वाडीवरून सायकलीनें येणारा, अभ्यासांत मधला आणि स्वभावानें अबोल असा मुलगा. अर्ज परत आला म्हणून तो आमच्याकडे आला. आम्हीं म्हटलें, "अरे, केसच ते. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हां वाढतील. वर्ष कशाला घालवतोस?"

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "सर, शर्ट भावाचा हाय, सायकल मामाची, पुस्तकं लायब्ररीची. केस तेवढे माझे."

ह्यावर बोलण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. इतकीं वर्षें आम्ही इंग्रजी कवींच्या आधारें व्यक्तिस्वातंत्र्याचा महिमा सांगत होतों. तो विषय ह्या मुलानें एका वाक्यांत उरकला. ज्याच्या घरीं मोटरसायकल आहे, तो आपलें तारुण्य तिच्यावर बसून मिरवितो. ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं, त्याला निसर्ग फुकट देतो ते केस. आणि मोटरसायकलीची लांबी मोजणारें कलम आमच्या नोटिशींत नव्हतें.

आम्ही अर्ज घेऊन प्रिन्सिपॉलांकडे गेलों, आणि विषय प्राध्यापकांच्या सभेंत आला. एक वयोवृद्ध सहकारी म्हणाले कीं, नटाचें अनुकरण म्हणजे बुद्धीचें दिवाळें. तें कॉलेजानें चालूं देतां कामा नये. हें ऐकतांना आमचें लक्ष त्यांच्या गळ्यांतील टायकडे गेलें. मे महिन्याच्या उन्हांतहि टाय बांधण्याची ही रीत आमच्या सहकाऱ्यांनीं स्वतंत्र बुद्धीनें शोधून काढलेली नव्हती. मनुष्य अनुकरण करीत करीतच बोलावयास शिकतो, चालावयास शिकतो आणि प्राध्यापकहि होतो.

ह्या प्रकरणाचा खरा विनोद पुष्कळ वर्षांनीं कळला. सलमान खान ह्यांनीं एका दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत सांगितलें कीं, ती केशरचना त्यांना डॉ. अब्दुल कलाम ह्यांच्यावरून सुचली. डॉ. कलाम २००२ पासून २००७ पर्यंत राष्ट्रपति होते. त्यांचा तो मधोमध भांग आणि कानांवरून उतरणाऱ्या रुपेरी बटा कोणास आठवत नाहींत? ज्या खोलींत बसून आम्ही मंडळी त्या मुलाच्या केसांचा न्याय करीत होतों, तिच्याच भिंतीवर राष्ट्रपतींची तसबीर होती. शास्त्रज्ञाच्या डोक्यावर तीं प्रतिभेचीं लक्षणें, नटाच्या डोक्यावर फॅशन, आणि वाडीवरच्या पोराच्या डोक्यावर बेशिस्त! केस तेच, खालचा मनुष्य बदलला कीं त्यांचा अर्थ बदलतो.

तथापि चित्रपट अगदीं निरुपद्रवी आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्या चित्रपटाच्या उत्तरार्धांत नायकाची बुद्धि भ्रमिष्ट होते आणि त्याचें डोकेंहि भादरलेलें दिसतें. त्या उत्तरार्धाची मागणी घेऊन न्हाव्याकडे गेलेला एकहि मुलगा आमच्या पाहण्यांत नाहीं. सर्वांनीं पूर्वार्ध तेवढा घेतला. आणि पूर्वार्धांत केसांखेरीज आणखीहि कांहीं होतें. नायक एका मुलीच्या मागें लागतो, तिला बळेंच पळवून नेऊन तिच्यापाशीं प्रेमाची कबुली देतो, आणि शेवटीं ती मुलगी त्याच्यावर भाळते. हें पाहून परतलेल्या पोरांनीं मनांत काय आणलें असेल, ह्याचा विचार त्या नोटिशींत एका अक्षरानेंहि नव्हता.

आमच्या गांवीं मुलींच्या मागें स्टँडापर्यंत चालत जाणारीं, बसच्या खिडकीशीं उभें राहून गाणीं म्हणणारीं पोरें होतीं. त्यांत झुलपेंवालीं होतीं, तशीं शिपायासारखे केस कापलेलींहि होतीं. किंबहुना नोटीस निघाल्यावर त्या सर्वांचे केस नियमांत बसले होते. त्याच हिंवाळ्यांत शेवटल्या बसनें घरीं जाणाऱ्या आमच्या वर्गांतील एका हुशार विद्यार्थिनीचें नांव तिच्या वडिलांनीं कॉलेजांतून काढून घेतलें. कारणाच्या रकान्यांत 'घरगुती अडचण' असें लिहिलेलें होतें. हें आम्ही सभेंत बोललों. केस कापूनहि जी गोष्ट कापली गेली नाहीं, तिच्यासाठीं कात्री कोठली आणावयाची, असें आम्हीं विचारलें. सभा बराच वेळ स्तब्ध होती. पुढें परीक्षेच्या अर्जावरील अट निघाली, आणि त्या टर्मपासून पाळीपाळीनें दोन प्राध्यापक शेवटली बस सुटेपर्यंत स्टँडावर उभे राहूं लागले. टायवाले वृद्ध सहकारी आपली पाळी कधीं चुकवीत नसत, हें त्यांच्या श्रेयार्थ सांगितलें पाहिजे. ती मुलगी मात्र परत आली नाहीं.

तो अबोल मुलगा परीक्षेस बसला आणि पास झाला. २००६ च्या प्रारंभीं तो पेढे घेऊन आमच्या घरीं आला, तेव्हां ओळखूंच आला नाहीं. पोलीस-भरतींत त्याची निवड झाली होती, आणि डोक्यावर बोटभरहि केस नव्हते. आमची नजर कोठें गेली तें ओळखून तो हंसला. "मीच कापले, सर. भरतीच्या आदल्या रात्री," एवढेंच म्हणाला. त्याच सुमारास लाहोरच्या सामन्यानंतर पाकिस्तानचे तत्कालीन अध्यक्ष जनरल मुशर्रफ ह्यांनीं महेंद्रसिंग धोनी ह्यांस, केस कापूं नका, असा जाहीर सल्ला दिला होता. पुढें धोनी ह्यांनींहि ते आपल्या मर्जीनें कापले. अध्यक्षांचा सल्ला असो कीं प्रिन्सिपॉलांची नोटीस असो, केसांना एकच हुकूम मानवतो, आणि तो ज्याच्या त्याच्या डोक्यांतून निघावा लागतो.

आतां आमच्या कॉलेजांत नव्या नव्या तऱ्हा येतात. कोणी बाजू तासून मध्यें तुरा राखतो, कोणी मागें बुचडा बांधतो. प्राध्यापकांच्या खोलींत उसासे चालूच आहेत, आणि चहाहि. आम्ही त्या चर्चेंत भाग घेत नाहीं. आमच्या मस्तकाकडे पाहून मंडळी आम्हांस त्या विषयांतील अधिकारी समजतहि नाहींत. परंतु नव्यानें रुजू झालेला कोणी तरुण सहकारी मुलांच्या केसांवरून संतापला, तर त्यास आम्ही इतकेंच सांगतों कीं, महिन्याकांठीं न्हाव्याकडे जाऊन जें सुधारतें, त्याची काळजी न्हाव्यानें करावी. त्याच्या खुर्चीवर बसून जें सुधारत नाहीं, तेवढ्यासाठींच आपणांस पगार मिळतो.