मिलोशेविचसाहेब

आडनाव ही वडिलोपार्जित इस्टेट खरी, पण तिच्यावर पुढे किती बोजा चढेल हे कोणाच्याही वडिलांना सांगता येत नाही. साव्हो मिलोशेविच हा सर्बियन स्ट्रायकर 1995 साली इंग्लंडच्या ॲस्टन व्हिला क्लबात दाखल झाला. (स्ट्रायकर म्हणजे कॅरमचा नव्हे, फुटबॉलमध्ये पुढे राहून गोल करायचे ज्याच्या बोकांडी असते तो.) त्याला वाटले असेल, आपले आडनाव उच्चारताना इंग्रजांची बोबडी वळेल. त्यातून त्याच आडनावाचे दुसरे एक गृहस्थ तेव्हा सर्बियाचे अध्यक्ष होते आणि त्यांचे नाव पेपरात चांगल्या कारणासाठी फारसे येत नसे. पण झाले भलतेच. इंग्रजांनी आडनाव पाठ केले, त्याची फोड केली आणि पोराचे नवे बारसे करून टाकले : 'मिस-अ-लॉट-एविच'. म्हणजे आपल्याकडे कुणाला 'हुकवे' म्हणावे तसे. वाचकांत कुणी खरोखरच हुकवे असतील तर क्षमस्व.

मी बँकेत कारकून. त्यामुळे मला स्ट्रायकर म्हटला की कॅशियर आठवतो. कॅशियरची कॅश वर्षाचे तीनशे दिवस जुळली तर त्याला कोणी अर्धा कप चहा पाजत नाही. एकदा शंभर रुपये कमी भरले की रिटायर होईपर्यंत तो 'शंभरवाला'. आमच्या शाखेत असे एक शंभरवाले होते. त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा मंडळी "ते शंभरवाले कुठे दिसत नाहीत?" असे विचारत होती.

व्हिलाने मिलोशेविचला 35 लाख पौंडांना घेतले, तेही म्हणे व्हिडिओवर खेळ पाहून. नुसत्या फोटोवरून लग्न ठरवण्याची चाल आपल्याकडेच आहे असे नाही. त्याआधी बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबात त्याने गोलांची रास घातली होती. इंग्लंडात मात्र लीगच्या 90 सामन्यांत 28. आता 28 म्हणजे काही शून्य नव्हे! शिवाय 24 मार्च 1996 ला वेम्ब्लीवर लीग कपच्या फायनलमध्ये याच गृहस्थाने लांबून डाव्या पायाने असा गोल ठोकला की लीड्सच्या गोलकीपरचे फक्त बघायचे काम उरले. व्हिला 3-0 ने जिंकली. पण खात्याची ही बाजू वाचतो कोण? जानेवारी 1998 मध्ये ब्लॅकबर्नकडून 5-0 असा मार खाल्ल्यावर तो आपल्याच प्रेक्षकांच्या दिशेने थुंकला आणि क्लबाने त्याला विकायला काढले. अहो, थुंकल्याबद्दल माणसे काढायची म्हटली तर आमच्या इमारतीच्या जिन्यावरून एकही कर्मचारी वर पोचणार नाही.

तिथून तो स्पेनमध्ये झारागोझाला गेला आणि दोन हंगामांत लीगमध्ये 38 गोल केले. पाय तेच, आडनावही तेच. स्पॅनिशमध्ये त्या आडनावावर कोटी जमत नाही, एवढाच काय तो फरक.

2000 साली मी बी.कॉम.च्या निकालाची वाट बघत रात्र रात्र टीव्हीसमोर बसत असे. युरो स्पर्धेत युगोस्लाव्हिया विरुद्ध स्लोव्हेनिया सामना होता. साठ मिनिटांत युगोस्लाव्हिया 0-3 मागे, त्यात मिहायलोविचला बाहेर काढले, उरले दहा जण. अण्णा पाणी प्यायला उठले होते. म्हणाले, "बंद कर ते. हरलेल्यांना बघून काय मिळतं तुला?" मी म्हटलं, "पाच मिनिटं." मग मिलोशेविच 67 व्या मिनिटाला, द्रुलोविच 70 व्या, पुन्हा मिलोशेविच 73 व्या. 3-3! अण्णा हातात तांब्या धरून सामना संपेपर्यंत उभेच.

त्या स्पर्धेत मिलोशेविचचे पाच गोल झाले आणि हॉलंडच्या क्लायव्हर्टबरोबर तो सर्वांत जास्त गोल करणारा ठरला. त्यातही एक गंमत आहे. क्लायव्हर्टच्या खात्यावर आधी एक गोल जास्त जमा झाला होता. चेंडूला आपला पायच लागला नव्हता असे त्याने स्वतः सांगितले आणि तो वजा झाला. जास्त आलेली रक्कम आपण होऊन परत करणारा खातेदार मला नोकरीच्या वीस वर्षांत भेटलेला नाही.

पुढे पार्माने भली मोठी रक्कम मोजून त्याला इटलीत नेले. तिथे पुन्हा हुकवे. ते असो.

खरी कमाल 2006 ची. जर्मनीतल्या वर्ल्ड कपला तो 'सर्बिया आणि माँटेनिग्रो'चा कॅप्टन होता. स्पर्धेच्या तोंडावर माँटेनिग्रोने मत देऊन वेगळे व्हायचे ठरवले. 3 जूनला ते स्वतंत्र झाले आणि यांचा पहिला सामना 11 जूनला! म्हणजे जो देशच उरला नव्हता त्याचे अकरा जण रांगेत उभे राहून राष्ट्रगीत ऐकत होते. बँकांच्या विलीनीकरणात आम्हांला याची थोडी कल्पना आली. पाटी बदलली तरी ग्राहक जुने पासबुक घेऊन येतो आणि "माझी बँक कुठं गेली?" म्हणून आमच्याकडेच पाहतो. त्याला निदान नवी पाटी दाखवता येते. तिन्ही सामने हरून, पैकी अर्जेंटिनाकडून 6-0 खाऊन, ही टीम परतली तेव्हा तिच्या नावाची पाटीसुद्धा उरली नव्हती.

मिलोशेविच एकूण 102 आंतरराष्ट्रीय सामने खेळला, तेही देशाच्या तीन नावांनी. शेवटचा 19 नोव्हेंबर 2008 ला बेलग्रेडमध्ये, बल्गेरियाविरुद्ध. त्याच महिन्यात रशियाच्या रुबिन कझानला त्याने गोल मारून पहिलेवहिले विजेतेपद मिळवून दिले होते. निरोपाच्या सामन्यात त्याने दोन गोल केले आणि दोन पेनल्ट्या हुकवल्या. जमा दोन, नावे दोन. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. इतके स्वच्छ अखेरचे स्टेटमेंट मी तरी पाहिलेले नाही.

खेळाडूला आपण 'तो' म्हणतो, मॅनेजर झाला की 'ते' म्हणावे लागते. 2019 मध्ये मिलोशेविचसाहेब पार्टिझानचे मॅनेजर झाले आणि मे महिन्यात त्यांच्या टीमने रेड स्टारला, म्हणजे गावातल्याच भावकीला, हरवून सर्बियन कप जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, व्होयव्होदिनाशी, आणि हार झाली ती नेमकी पेनल्ट्यांवर. साहेब रेषेबाहेर उभे. पेनल्टी मारायचीही सोय नाही आणि हुकवायचीही नाही. काउंटरवर रांग दारापर्यंत गेलेली असताना आमचे साहेब केबिनच्या काचेतून बघत असतात. हात त्यांचेही शिवशिवत असतील, पण नोटा मोजायला ते बाहेर आले तर युनियन विचारील, "साहेब, हे काय?"

त्या उन्हाळ्यानंतर साहेबांची खुर्ची गेली. 2024 मध्ये पार्टिझानने पुन्हा बोलावले आणि पुढच्या वर्षी पुन्हा नारळ दिला. आमच्याकडे साहेबांची फार तर बदली होते, आणि निरोप समारंभाला बटाटेवडे तरी असतात.