एका हाताचा गोळा

एकत्र कुटुंबात कोणतीही वस्तू घ्यावयाची झाली म्हणजे ती सर्वांना चालेल काय, हा प्रश्न प्रथम निघतो; आणि तो बहुधा योग्यच असतो. परंतु काही वस्तू अशा असतात, की त्या सर्वांच्या केल्या म्हणजे कोणाच्याच राहत नाहीत.

वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आली. तरी आमची पुतणी बोलिंग खेळावयास नगर रस्त्याने शहराच्या बाजूसच जाते. साठ फुटांच्या लेनवरून जड गोळा सोडून पलीकडच्या दहा पिना पाडावयाच्या, असा हा खेळ. तिने स्वतःचा गोळा मागितला, तेव्हा आमच्या मातोश्री म्हणाल्या, "एवढे पैसे घालायचे, तर घरात सर्वांना खेळता येईल असा घ्या." निर्णय देण्यापूर्वी आम्ही या गोळ्याची थोडी चौकशी केली.

लेनच्या पुढच्या भागावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तेलावर गोळा घसरतो आणि तेल सरले म्हणजे पकड घेऊन वळतो. दिवसभराच्या खेळाने तेल गोळ्यांबरोबर निघून जाते. पुतणी संध्याकाळी जाते, म्हणून तिच्या वाट्यास कोरडी लेन येते. १९९० नंतरच्या काळात रूढ झालेले रिॲक्टिव्ह रेझिनचे महागडे गोळे तेलातही पकड घेण्यासाठीच केलेले. कोरड्या लेनवर ते फार लवकर वळतात, आणि पिनांपाशी पोहोचेतो त्यांचा जोर सरतो. तेथे गुळगुळीत पॉलिएस्टरचा साधा गोळा सरळ जातो. थोडे वळण हवे असेल, तर झिलई दिलेला युरेथेनचा घ्यावा. वजनाची कमाल मर्यादा सोळा पौंड आहे. पण जो गोळा शेवटपर्यंत सहज झुलवता येईल, तोच आपला.

खरी मेख छिद्रांत आहे. अंगठा, मधले बोट व अनामिका यांची जाडी, त्यांच्यातील अंतर आणि छिद्रांचा कल हाताच्या मापाने ठरतो. वळणाऱ्या गोळ्याच्या आत गाभा असतो. कोरड्या लेनसाठी त्याच्या मानाने छिद्रे अशा जागी पाडतात, की गोळा बेताचाच वळावा. साध्या गोळ्यात मात्र हाताचे मापच मुख्य. भाड्याच्या गोळ्याची छिद्रे कोणाचेही बोट जावे अशी सैल असतात. मग तो निसटू नये म्हणून मूठ आवळावी लागते. पुतणीचा अंगठा सुजत होता तो यामुळेच.

हे ऐकून मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे हा एकटीचाच होणार!" तेव्हा पुतणीने विचारले, "आजी, तुझ्या पाटल्या आईच्या हातात बसल्या होत्या का?" बसल्या नव्हत्या, सोनाराकडून मोडून नव्याने घडवाव्या लागल्या होत्या. गोळ्याचेही तसेच आहे: जुनी छिद्रे बुजवून दुसऱ्या हाताच्या मापाने पुन्हा पाडता येतात. मातोश्रींनी यावर काही उत्तर केले नाही. मात्र गोळ्याचे पैसे घरखर्चातून द्यावयास सांगितले.

ज्यांच्या घरी असा हट्ट निघेल, त्यांनी प्रथम हाताचे माप घ्यावे, मग लेन कशी आहे ते पाहावे आणि किमतीचा विचार शेवटी करावा. तिजोरी सामाईक असली, तरी अंगठा ज्याचा त्याचाच असतो.