मान डोलावली की झालं!

मुलांनो, टँगो नाच तुम्ही सिनेमात पाहिला असेल. ताठ मान, काळे कपडे आणि दातांत गुलाब! खरा टँगो इतका नाटकी नसतो बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो ब्यूनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओच्या गरीब वस्त्यांत जन्मला. बोटीतून उतरलेले इटालियन, स्पॅनिश आणि तिथले आफ्रिकी वंशाचे लोक, सगळ्यांची गाणी त्यात मिसळली. त्यातलं बँडोनिऑन हे वाद्य तर जर्मनीतून आलं. आपल्या पेटीचं लांबचं भावंडच ते! २००९ साली युनेस्कोने टँगोला मानवजातीचा वारसा म्हटलं.

आता जगभरचे टँगोवेडे नववर्षाच्या सुट्टीत कुठल्याशा गावी जमतात आणि दोन-तीन दिवस नुसते नाचतात. जर्मनीत राहणारी माझी मामेबहीण अशा मेळ्याला गेली. एकटीच!

"अगं, ओळख ना पाळख, तुझ्याबरोबर नाचणार कोण?" मी फोनवर विचारलं.

"ताई, तिथे हात पुढे करून विचारतच नाहीत. लांबूनच बघायचं. समोरच्यानं बघितलं, मान डोलावली, की झालं. नको असेल तर त्यानं नजर दुसरीकडे वळवायची. कुणाला नकार मिळाला, ते शेजारच्यालाही कळत नाही."

तीन-चार गाणी झाली की वेगळंच संगीत वाजतं. त्याला 'कोर्तिना' म्हणजे पडदा म्हणतात. मग सगळे जागेवर परततात नि जोडीदार बदलतात. तरी पहिल्या रात्री ही बाई तासभर नुसती बसून होती!

आमच्या चौथीच्या वर्गात गॅदरिंगच्या कोळीनृत्याला जोड्या लावायच्या होत्या. 'जोड्या करा' म्हटलं की एक मुलगी हटकून पाणी प्यायला जाते. कुणी आपल्याला घेणार नाही, हे तिला आधीच ठाऊक असतं. पालकहो, अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. म्हणून मी सगळ्यांना गोलात बसवलं नि हा टँगोचा नियम सांगितला. वर माझी एक पुस्ती जोडली : सगळे उठल्याशिवाय गाणं लागणार नाही, आणि प्रत्येक गाण्याला नवा जोडीदार.

पहिल्या दिवशी नुसती खीखी. कुणी डोळे मारतंय, कुणी मान इतकी हलवतंय की मोडेल! दुसऱ्या दिवशी जमलं.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी पाण्याला गेली नाही. वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलानं तिच्याकडे बघून मान डोलावली. तिनं शांतपणे छताच्या पंख्याकडे बघितलं आणि मग दुसऱ्या कोपऱ्यात आपली मान डोलावली.