न चाललेले नाणे

नाणकशास्त्रावरील एका ग्रंथात परवा आम्ही विल्यम वायनने घडविलेले १८३९ सालचे पाच पौंडांचे सुवर्णनाणे पाहिले. तरुण व्हिक्टोरिया राणी स्पेन्सरच्या काव्यातील ऊना होऊन सिंहाला वाट दाखवीत आहे. कडेला लॅटिन अक्षरे : 'देवा, माझ्या पावलांना मार्ग दाखव.' सेमिनरीतले लॅटिन कामी आले!

पण हे प्रूफ नाणे. घासून लखलखीत केलेल्या ठशांनी संग्रहासाठी पाडलेले. बाजारात चालण्यासाठी नव्हेच. संग्राहकाला त्यावर बोटाचा डागही खपत नाही.

गेल्या पावसाळ्यात चिखल नको म्हणून एका आजाऱ्याची भेट आम्ही उद्यावर ढकलली होती. तो उद्या त्यांनी पाहिला नाही. पावलांसाठी प्रार्थना तर आम्हीही रोज करतो!